पहिल्या सेशनला 'नीट' कसं वागायचं?

ताई,
तुमचं सदर नेहमी वाचते, लिहितेय पहिल्यांदाच. वय ३४. गेले काही महिने पहाटे चारला जाग येते आणि मग झोप लागत नाही. ऑफिसात कुणी साधं 'बरी आहेस ना?' विचारलं तरी डोळे भरून येतात, मग मी वॉशरूममध्ये जाऊन उभी राहते. शेवटी एका मैत्रिणीकडून नाव घेऊन, स्वतःची प्रॅक्टिस असलेल्या एका थेरपिस्टची अपॉइंटमेंट घेतली. पुढच्या गुरुवारी जायचंय, आणि आता झोपेपेक्षा गुरुवारचंच टेन्शन जास्त आलंय. तिथे नेमकं काय होतं? लहानपणापासूनचं सगळं सांगावं लागतं का? सांगितलेलं कुठे जातं? किती दिवस चालतं? नवरा म्हणतो, 'बोलायचंच आहे तर माझ्याशी बोल, त्याला पैसे कशाला?' मी सहा पानं मुद्दे काढून ठेवलेत, कारण त्यांचा वेळ वाया जायला नको. मला तिथे नीट वागायचंय. आणि त्या मला आवडल्याच नाहीत तर? तसं तोंडावर सांगायचं कसं?
(नाव छापू नये)

नमस्कार,

प्रश्न सगळे रास्त आहेत आणि त्यांची उत्तरं देणारच आहे. पण आधी ते नीट वागण्याचं घेते. ते तुम्हाला कुणी शिकवायची गरज मला तरी दिसत नाही. पहाटे चारपासून जागी असलेली बाई वेळेवर ऑफिस गाठते, वॉशरूममध्ये डोळे पुसते, परत जागेवर येऊन बसते आणि कुणाला पत्ता लागू देत नाही. या कसबानेच तर तुम्हाला दमवलंय. गुरुवारी ते घरी ठेवून जाता आलं तर बघा.

हे उगाच म्हणत नाही. अमेरिकेत मॅट ब्लँचर्ड आणि बॅरी फार्बर या दोघांनी थेरपी घेणाऱ्या ५४७ लोकांना विचारलं, की तुम्ही थेरपिस्टशी कधी खोटं बोललात का. २०१६ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ९३ टक्के लोकांनी 'हो' म्हटलं होतं. खोटं म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे व्यसनं, लफडी, पैशांच्या भानगडी येतात. तेही त्यात होतंच. पण यादीत सगळ्यात वर निघालं ते भलतंच: 'मला किती त्रास होतोय ते कमी करून सांगितलं.' निम्म्याहून जास्त लोकांनी हे केलं होतं. थेरपिस्टचं म्हणणं पटल्यासारखं दाखवणं, उपयोग होत नसताना 'होतोय' म्हणणं, हेही बऱ्याच जणांनी कबूल केलं. म्हणजे पैसे आपले, वेळ आपला, दुखणं आपलं, आणि समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून 'बरं वाटतंय आता' हेही आपणच म्हणायचं! तुमच्यासारखी समजूतदार माणसं यात आघाडीवर असणार असा माझा अंदाज आहे.

आता गुरुवार. पहिलं सेशन पुढच्या सेशन्ससारखं नसतं. त्यात थेरपी थोडी आणि विचारपूस जास्त. आधी एक फॉर्म येईल: चालू औषधं, आधीचे आजार, पूर्वी कधी उपचार घेतले का, अडीअडचणीला कुणाला फोन करायचा. त्याबरोबर एक संमतीपत्रही येईल, किंवा यायला हवं. त्यात फी, सेशन रद्द करण्याचे नियम, गोपनीयता आणि तिच्या मर्यादा लिहिलेल्या असतात. सही करायच्या आधी ते वाचा. समोर कुणी बसलेलं असताना वाचायला अवघडल्यासारखं होत असेल तर 'आधी मेलवर पाठवाल का?' असं आजच विचारून ठेवा. यात उद्धटपणा काही नाही.

बऱ्याच ठिकाणी नऊ प्रश्नांचा एक कागदही हातात देतात. त्याला पीएचक्यू-९ म्हणतात. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, एवढंच प्रत्येक प्रश्नात विचारलेलं असतं: अजिबात नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, की जवळपास रोज. प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर नैराश्य असू शकतं असं धरून पुढची चौकशी होते. नुसत्या बेरजेवर निदान होत नाही. तिसरा प्रश्न झोपेचा असतो, तिथे तुमचं पेन भराभर चालेल. नवव्या प्रश्नाशी ते अडेल. मेलेलं बरं, किंवा स्वतःला काही इजा करून घ्यावी, असे विचार येतात का, असं तो विचारतो.

इथे भलेभले शून्यावर खूण करून मोकळे होतात. भीती अशी असते, की 'काही दिवस' म्हटलं तर लगेच हॉस्पिटलात टाकतील किंवा घरी फोन जाईल. नुसती खूण केल्याने असं होत नाही. होतं एवढंच, की तुमच्या थेरपिस्ट पेन बाजूला ठेवतात आणि विचारतात: विचार नेमका कसा येतो? 'सकाळी जागच आली नाही तर बरं' असा येतो आणि जातो, की काही ठरवलंय? साधन हाताशी आहे का? पूर्वी कधी प्रयत्न केला होता का? कशामुळे थांबता? या उत्तरांवरून पुढचं ठरतं. पहिल्या प्रकारचे विचार थेरपिस्ट कायम ऐकत असतात, त्यांना त्याचा धक्का बसत नाही. आणि विचारल्यामुळे असे विचार डोक्यात शिरतात, हा निव्वळ गैरसमज आहे. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. पण पहाटे चारचं सगळंच कुणी पत्रात लिहीत नाही, म्हणून लिहून ठेवते: काही ठरवण्यापर्यंत गाडी गेली असेल तर गुरुवारची वाट बघायची नाही. आजच जवळच्या माणसाला सांगा आणि हॉस्पिटलच्या तातडीच्या विभागात जा. एकट्याने प्रॅक्टिस करणारा थेरपिस्ट मध्यरात्री फोन उचलेल हे गृहीत धरता येत नाही, आणि चांगला थेरपिस्ट हे पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगतो.

कागद झाले, की आतली खोली. दोन खुर्च्या, बहुतेक वेळा थोड्या तिरक्या मांडलेल्या, म्हणजे सतत डोळ्याला डोळा भिडवायची सक्ती नको. मध्ये किंवा बाजूला टिश्यूचा डबा. एक घड्याळ बहुधा तुमच्या खांद्यामागे असेल, कारण वेळेकडे लक्ष ठेवायचं काम त्यांचं आहे, तुमचं नाही. सेशन 'एक तासाचं' म्हणतात, पण बहुतेकांचं ४५ किंवा ५० मिनिटांचं असतं. उरलेल्या वेळात त्या टिपणं लिहितात आणि पुढच्या माणसासाठी तयार होतात. पलंगावर आडवं पडून छताकडे बघत बोलण्याचा प्रकार मनोविश्लेषणाच्या काही शाखांत आजही आहे, पण तुमच्या वाट्याला तो येण्याची शक्यता फार कमी.

सुरुवात कशी करू, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. 'कुठून सुरुवात करावी कळत नाहीये' हे पुरेसं आहे, त्यापुढे विचारायचं काम त्या करतील. ती सहा पानं जरूर न्या, पण वाचून दाखवू नका. वाचायला लागलात की अर्धा वेळ तिथेच संपेल आणि त्यांची गाठ तुमच्याऐवजी कागदाशी पडेल. त्यापेक्षा आज रात्री ती पानं चाळा आणि लिहिताना हात जिथे थांबला होता, किंवा लिहून खोडलं होतं, ते एक वाक्य निवडा. बाकीची पानं पर्समध्ये असू द्या.

लहानपणापासूनचं सगळं सांगावं लागत नाही. त्या विचारतील: घरात कोण कोण होतं, कुणाला असा त्रास होता का, मोठं काही घडलं होतं का. 'हे आत्ता नको, पुढे कधीतरी' हेही पूर्ण उत्तर आहे. एखादा जुना घाव असेल आणि पहिल्याच दिवशी तो तपशिलात सांगायचा आग्रह कुणी धरला, तर उलट तुम्ही सावध व्हा. अशा गोष्टींना हात घालण्याआधी माणसाच्या पायाखाली थोडी जमीन तयार करावी लागते, हे शिकलेल्या थेरपिस्टला ठाऊक असतं. थेरपी कोणत्या पद्धतीची आहे यावरही बरंच अवलंबून असतं. ॲरन बेक या मनोविकारतज्ज्ञांनी १९६०च्या दशकात मांडलेली सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी, करणारी व्यक्ती आजच्या आठवड्यात जास्त रमेल आणि गृहपाठ देईल: कुठला प्रसंग, मनात कुठला विचार आला, त्याने काय वाटलं, हे लिहून आणा. दुसरी कुणी जुन्या नात्यांकडे वळेल आणि मध्येमध्ये गप्प बसेल. 'तुम्ही कोणत्या पद्धतीने काम करता आणि माझ्या त्रासासाठी तीच का?' असं बिनदिक्कत विचारा. उत्तर साध्या भाषेत आलं पाहिजे.

त्या गप्प बसण्याचं आधीच सांगून ठेवते, नाहीतर घाबराल. तुमचं वाक्य संपेल आणि त्या लगेच काही बोलणार नाहीत. एरवी गप्पांत अशी जागा दिसली की आपण ती पटकन भरून काढतो. तिथे भरू नका. आणि रडू आलं तर रडा. तुम्ही पाठीवर हात किंवा 'नका रडू'ची वाट बघाल, तसं काही होणार नाही. त्या थांबतील, एवढंच. सुरुवातीला हे कोरडं वाटतं.

आणखी एक गंमत. खरी गोष्ट बऱ्याचदा शेवटच्या पाच मिनिटांत बाहेर येते. पर्स उचलताना, उठता उठता: 'हां, आणि ते एक राहिलंच…' आता वेळ नाही, त्यावर चर्चा होणार नाही, म्हणूनच ती तेव्हा येते. असं झालं तर त्या वेळ वाढवणार नाहीत, 'पुढच्या वेळी इथूनच सुरुवात करू' म्हणतील. ते तुम्हाला झटकून टाकणं नसतं. पुढच्या वेळी मात्र खरंच तिथून सुरुवात करा.

सांगितलेलं कुठे जातं? साधारणपणे कुठेच नाही. मैत्रिणीकडे नाही, नवऱ्याकडेही नाही. नवऱ्याने फोन करून विचारलं तर तुमच्या परवानगीशिवाय, तुम्ही तिथे जाता की नाही हेसुद्धा त्यांनी सांगायचं नसतं. बाहेर कुठे समोरासमोर आलात तर त्या आधी ओळख दाखवणार नाहीत. तुम्ही हसलात तर हसतील. मैत्रीणही त्यांच्याकडेच जात असेल तर ते पहिल्याच दिवशी बोलून घ्या. काही थेरपिस्ट अशा वेळी दुसऱ्या कुणाचं नाव सुचवतात, आणि ते योग्यच असतं.

गोपनीयतेला अपवाद असतात आणि ते संमतीपत्रात लिहिलेले हवेत. तुमच्या जिवाला तातडीचा धोका, लहान मुलावर अत्याचार, न्यायालयाचा आदेश, आणि दुसऱ्याच्या जिवाला धोका. बारीकसारीक नियम देशागणिक बदलतात. शेवटच्या अपवादामागे एक खटला आहे. १९६९ साली कॅलिफोर्नियात एका तरुणाने आपल्या मानसशास्त्रज्ञाला सांगितलं, की तो एका मुलीला मारणार आहे. वर्णनावरून ती मुलगी कोण हे कळण्यासारखं होतं. पोलिसांना कळवलं गेलं, त्यांनी त्याला थोडा वेळ ताब्यात घेऊन सोडून दिलं. तात्याना टॅरासॉफ या मुलीला मात्र कुणी सावध केलं नाही, आणि त्याने तिला मारलं. अशा वेळी धोक्यात असलेल्या व्यक्तीच्या रक्षणासाठी योग्य ती पावलं उचलणं ही थेरपिस्टची जबाबदारी आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७६ साली ठरवलं. हे सांगितलं ते घाबरवायला नाही. 'कधीकधी साहेबाचा गळा दाबावासा वाटतो' हे वाक्य या अपवादात बसत नाही, ते खुशाल बोला. त्या त्यांच्या मार्गदर्शकाशी तुमच्या केसबद्दल चर्चा करू शकतात, पण नाव-गाव झाकून. आणि फीचे पैसे विम्यातून मागणार असाल तर कंपनी बहुधा निदान मागते, म्हणजे तेवढी माहिती खोलीबाहेर जाणार. त्यामुळे क्लेमचा फॉर्म भरायच्या आधी हे त्यांच्याशी बोला.

आता खासगी प्रॅक्टिसचं. हॉस्पिटलात डोक्यावर कुणी ना कुणी असतं: विभागप्रमुख, सहकारी, तक्रार करायला खिडकी. इथे सगळा कारभार एकाच माणसाचा. म्हणून चार प्रश्न तुम्हीच विचारायचे. शिक्षण काय, ते कुठे झालं, आणि कुठल्या अधिकृत संस्थेकडे नोंदणी आहे? थेरपिस्ट किंवा कौन्सेलर अशी पाटी लावायला ठरावीक पदवी हवीच असा कायदा बऱ्याच देशांत नाही, त्यामुळे हा प्रश्न आगाऊपणा वाटेल म्हणून सोडून देऊ नका. तुमच्या कामावर देखरेख करणारं कुणी आहे का? सुट्टीवर किंवा आजारी असाल तेव्हा मी कुणाकडे जायचं? आणि दोन सेशन्सच्या मधे मेसेज केला तर चालतो का? सरळ उत्तर देणारी व्यक्ती या प्रश्नांवर रागावत नाही. रागावली, तर फार लवकर आणि फार स्वस्तात तुम्हाला एक माहिती मिळाली.

पैशांचं बोलणं मात्र तुम्ही टाळाल असं मला आत्ताच दिसतंय. टाळू नका. रद्द करायचं असेल तर किती तास आधी कळवायचं? बरेच जण २४ किंवा ४८ तास सांगतात. उशिरा कळवलं तर पूर्ण फी लागते का? फी कधी वाढते, पावती मिळते का, परवडत नसेल तर काही कमी होतं का? चुकलेल्या सेशनचे पैसे घेणं बऱ्याच जणांना अन्याय वाटतो, पण रिवाज जुना आहे. खुद्द मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड याने १९१३च्या एका लेखात स्पष्ट लिहिलंय, की ठरलेला तास त्या रुग्णाचा. तो आला नाही तरी त्याचे पैसे लागणार. त्याच लेखात तो म्हणतो, की पैशांबद्दल लोक लैंगिक विषयांइतकंच आडून आडून बोलतात, तेव्हा निदान डॉक्टरने तरी उघड बोलावं. शंभर वर्षं उलटून गेली, आपण अजून 'बघू, तुम्ही म्हणाल ते' म्हणतो.

एक काम गुरुवारच्या आधी उरकता आलं तर बरं: नेहमीच्या डॉक्टरांकडे जाऊन साधी रक्ततपासणी. थायरॉइड मंदावलेलं असणं, रक्त कमी असणं, बी-१२ची कमतरता, यांतही माणूस असाच दमतो आणि खचतो. तसं काही निघालं तरी थेरपी नको असं नाही, पण दोन्ही बाजू माहीत असलेल्या बऱ्या. औषधांची गरज वाटली तर थेरपिस्ट तुम्हाला मनोविकारतज्ज्ञांकडे, म्हणजे सायकियाट्रिस्टकडे पाठवतील. बहुतेक ठिकाणी मानसशास्त्रज्ञांना औषधं लिहून देता येत नाहीत. तिकडे पाठवलं म्हणजे केस हाताबाहेर गेली, असा अर्थ काढायचा नाही.

किती दिवस चालतं याचं प्रामाणिक उत्तर 'माणसागणिक' असंच आहे, पण अगदीच अंधार नाही. केनेथ हॉवर्ड आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली तोवरच्या ३० वर्षांतल्या २,४००हून अधिक रुग्णांची माहिती एकत्र केली. त्यात आठव्या सेशनच्या आसपास साधारण निम्म्या लोकांत मोजता येईल एवढी सुधारणा दिसली, आणि २६ सेशन्सपर्यंत सुमारे ७५ टक्क्यांत. तेव्हा तीन भेटींत झोप परत येईल अशी अपेक्षा धरू नका आणि वर्षभर काहीच न बदलता जात राहू नका. सुरुवातीला आठवड्यातून एकदा असतं, सावरल्यावर पंधरा दिवसांनी. पहिल्या काही सेशन्सनंतर अंग जड होऊ शकतं, चिडचिड होऊ शकते, चित्रविचित्र स्वप्नं पडू शकतात. सेशन संपल्या संपल्या मीटिंग ठेवू नका. त्या संध्याकाळी राजीनामे आणि भांडणंही नकोत.

'आधी वाईट वाटतं, मग बरं वाटतं' हे वाक्य तुम्हाला सगळे ऐकवतील. थोडं खरं आहे. पण त्याच्या आड फार काही लपवलं जातं. थेरपी घेऊनही ५ ते १० टक्के लोकांची अवस्था आणखी बिघडते, आणि ते थेरपिस्टच्या लक्षात येतंच असं नाही. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात थेरपिस्टांना आपापल्या लोकांबद्दल अंदाज करायला सांगितलं होतं, की थेरपीच्या अखेरीस कुणाची अवस्था आधीपेक्षा वाईट असेल. एकूण लोक ५५०. थेरपिस्टांनी अवघ्या ३ जणांबद्दल तसा अंदाज केला. प्रत्यक्षात ४० जण बिघडले, आणि त्या तिघांपैकी एकच त्या चाळिसांत होता. ही सगळी माणसं अडाणी किंवा बेफिकीर नव्हती. पोट तपासताना डॉक्टर सगळीकडे दाबून बघतात, तरी 'इथे दुखतं' हे आपल्यालाच ओरडावं लागतं, तसंच हे. समोरची बाई मन वाचत नाही. तुम्ही हसून 'छान वाटलं' म्हणालात तर ती वहीत 'छान' लिहील.

म्हणून, आवडल्या नाहीत तर? तीन-चार भेटी द्या. तोवर तीन गोष्टींचा अंदाज यायला हवा. एडवर्ड बॉर्डिन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९७९ साली त्या मांडल्या आणि अजून कामाच्या आहेत: कशासाठी जातोय हे दोघांना सारखंच कळलंय का, त्यासाठी जे करतोय ते तुम्हाला पटतंय का, आणि या माणसासमोर बसवतं का. तिसऱ्याचं उत्तर सुरुवातीला 'थोडंफार' असलं तरी चालतं. मग जे खटकतं ते तिथेच बोला. तोंडावर सांगायचं कसं विचारलंत, तर वाक्यच देते: 'मागच्या वेळी तुम्ही जे म्हणालात ते मला लागलं, आठवडाभर डोक्यात होतं.' किंवा, 'मी तुम्हाला बरं वाटतंय म्हणाले, पण तसं नाहीये.' घरी जाऊन मैत्रिणीला सांगण्यापेक्षा हे शंभरपट अवघड आहे. पण ज्या बाईने आजवर कुणालाच 'मला लागलं' म्हटलेलं नाही, तिने ते म्हणून बघायचं आणि पुढे काय होतं ते अनुभवायचं, यासाठी ती खोली आहे. चांगला थेरपिस्ट इथे खुर्चीत पुढे सरकतो. 'सांगा, नेमकं काय लागलं?' जो स्वतःची बाजू मांडत बसतो, किंवा तुमच्या आजाराचंच हे लक्षण आहे म्हणतो, त्याला आणखी एक संधी देऊन मग उठावं.

काही बाबतींत ती एक संधीही द्यायची नाही. लैंगिक सूचकता किंवा स्पर्श, 'आपण मित्र होऊ'. तुमच्या ओळखीतून स्वतःचं काम करून घेणं. दुसऱ्या रुग्णांच्या गोष्टी नावानिशी सांगणं. बरं करण्याची हमी. डॉक्टरांची औषधं परस्पर बंद करायला लावणं. यातलं काहीही झालं तर समजूत काढत, कारणं शोधत बसू नका. त्या दिवशीच बाहेर पडा आणि जिथे नोंदणी असेल तिथे तक्रार करा.

नवऱ्याचं म्हणणं मला अगदीच चूक वाटत नाही. त्यांना वाटतंय, आपण असताना ही परक्याकडे का जातेय. त्यांना सांगा, तुमच्याशी बोलायचं बंद करत नाहीये. पण तुमच्याशी बोलताना मी तुमचा चेहरा बघून वाक्य बदलते, तुम्हाला काळजी वाटेल म्हणून अर्धं गिळते. तिथे ते करावं लागणार नाही, पैसे त्याचे आहेत. सेशनमध्ये काय झालं हे रोज सांगायला मात्र तुम्ही बांधलेल्या नाही. 'आज जड होतं, जरा गप्प बसते' एवढं पुरे, आणि ते त्यांनी ऐकून घ्यावं.

थांबण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी लिहिते, कारण बहुतेक लोक मेसेज टाकून गायब होतात. बरं वाटायला लागलं म्हणून, पैशांमुळे, पटत नाही म्हणून, कारण काहीही असो, एक सेशन त्यासाठी राखून ठेवा. 'मी थांबायचा विचार करतेय' असं सुरुवातीलाच म्हणा, शेवटच्या पाच मिनिटांत नको. काय बदललं, काय नाही, त्रास पुन्हा डोकं वर काढू लागला तर तो आधी कशातून दिसेल, आणि तेव्हा कुणाला फोन करायचा, हे त्या दिवशी दोघींनी मिळून लिहून काढता येतं. दुसऱ्या कुणाकडे जायचं असेल तर नाव सुचवायला सांगा, आणि तुमची माहिती तिकडे पाठवायची की नाही हे तुम्ही ठरवा.

तुमची,
ताई